घर, फ्लॅट किंवा प्लॉट घेताना वकिलाला हमखास विचारले जाणारे प्रश्न (मराठवाड्यातल्या लोकांसाठी)

मी संभाजीनगरला दिवाणी वकिली करतो, घर-प्लॉटची कामं आठही जिल्ह्यांतून येतात आणि लोकं फोनवर, कोर्टाच्या आवारात, लग्नात जेवताना सुद्धा तेच तेच विचारायलेत, म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. कायदा बराचसा पूर्ण महाराष्ट्राचा एकच आहे, पण आपल्याकडं निजाम काळातल्या इनामी जमिनी, हैदराबादचा कुळ कायदा, गुंठेवारी (मंजुरी न घेता गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले प्लॉट) असं बरंच काही वेगळं आहे, त्यामुळं पुण्यातल्या पाव्हण्याचा सल्ला इथं जसाच्या तसा चालत नाही.

वकील कधी गाठायचा? इसार (आगाऊ रक्कम) द्यायच्या आधी का नंतर?

आधी. या पूर्ण पानावरचं एकच उत्तर वाचायचं असलं तर हे वाचा. आपल्याकडं होतं काय की एजंट म्हणतो दुसरी पार्टी उद्याच येतीय, मग माणूस घाईघाईत दोन-पाच लाख इसार देऊन टाकतो आणि मग कागदं घेऊन आमच्याकडं येतो की जरा बघा बरं, सगळं बरोबर आहे ना. पैसे द्यायच्या आधी आलात तर वकील तुम्हाला थांबवू शकतो. नंतर आलात तर तो फक्त भांडू शकतो, आणि दिवाणी कोर्टातलं भांडण किती वर्षं चालतं ते तुम्हाला माहितीच आहे. जो विकणारा वकिलाला कागद दाखवायला आठ-दहा दिवस द्यायला तयार नाही त्याच्या व्यवहारापासून लांबच राहा.

सॉलिसिटरच लागतो का? साधा वकील चालतो का?

सॉलिसिटर हा शब्द आपल्याकडं मुंबईच्या मोठ्या फर्ममुळं ऐकू येतो. मराठवाड्यात हे काम वकीलच करतात, आणि चालतं. फक्त दिवाणी आणि महसुली काम करणारा बघा, फौजदारीत कितीही नाव असलं तरी फेरफार (सातबाऱ्यावर नाव बदलल्याची नोंद) वाचायची सवय वेगळी असती. विकणाऱ्याचा किंवा बिल्डरचा वकील आपला म्हणून धरू नका. फी ठोक की टक्क्यावर, सर्च (जुन्या दस्तांची तपासणी) त्यात धरलाय का, रजिस्ट्रीच्या दिवशी वकील सोबत येणार का, हे पहिल्याच भेटीत बोलून घ्या, त्यात लाजायचं काही नाही. आणि शेवटी सही-शिक्क्याचा लेखी टायटल रिपोर्ट (मालकी तपासल्याचा अहवाल) मागा, तोंडी "काही प्रॉब्लेम नाही" याला अर्थ नाही.

बँकेनं लोन मंजूर केलं म्हणजे कागदं क्लिअर आहेत ना?

नाही. बँकेच्या पॅनलवरचा वकील बँकेसाठी रिपोर्ट देतो. बँकेला काळजी तिच्या पैशाची असती, तुमचा पगार चालू आहे, जामीनदार आहे, तारण कागदावर बसतंय, एवढ्यावर तिचं भागतं. उद्या विकणाऱ्याची बहीण दावा घेऊन उभी राहिली तर हप्ता तुम्हालाच भरायचाय आणि तारीख पण तुम्हालाच करायचीय. बँकेच्या रिपोर्टची कॉपी मिळाली तर घ्या, आपल्या वकिलाला दाखवा, पण त्याच्यावर भागवू नका.

सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे तोच मालक, बरोबर ना?

इथंच सगळ्यात जास्त लोकं फसतात म्हणून जरा लांबण लावतो. सातबारा हा महसूलचा कागद आहे, शेतसारा कोणाकडून घ्यायचा त्याच्यासाठी ठेवलेला. सुप्रीम कोर्टानं वारंवार सांगितलंय की महसुली नोंदीनं मालकी मिळत पण नाही आणि जात पण नाही. मालकी येती ती खरेदीखत, वाटणी, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, वारसाहक्क याच्यातून, सातबारा त्याची फक्त सावली दाखवतो.

तरी पण सातबारा वाचता आला पाहिजे. समोर घेऊन बसा. पहिलं बघायचं "भूधारणा पद्धती", तिथं भोगवटादार वर्ग-१ लिहिलंय का वर्ग-२. वर्ग-२ असलं की थांबायचं, ती जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. मग नावं बघा, काही नावं कंसात टाकलेली असतात, म्हणजे ती कमी झालेली, पण कशी कमी झाली ते शेजारच्या फेरफार नंबरात असतं, तो फेरफार काढा. कंसातलं नाव बहिणीचं असलं तर तिनं रजिस्टर हक्कसोडपत्र दिलंय का नुसत्या तलाठ्यापुढच्या जबाबावर नाव उडवलंय ते तपासा. मग "इतर अधिकार" हा रकाना. यात सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, "देवस्थान", "व्यवहारास बंदी" असं सगळं बसलेलं असतं, आणि नेमका हाच रकाना एजंट मोबाईलवर दाखवताना स्क्रोल करून पुढं नेतो. डिजिटल सहीचा सातबारा स्वतः ऑनलाईन काढा, दुसऱ्यानं पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका.

शहरात सिटी सर्व्हे झालेला असला तर सातबाऱ्याच्या जागी पीआर कार्ड (मिळकत पत्रिका) येतं, वाचायची पद्धत तीच.

किती वर्षांचा सर्च काढायचा?

साधारण ३० वर्षांचा काढतात. दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) बघायचे, कोणी कोणाला विकलं, गहाण टाकलं, साठेखत (पुढं विकायचा करार) करून ठेवलंय का. काही नोंदी ऑनलाईन दिसतात पण सगळ्या नाही, जुन्या रजिस्टरला हात लावावाच लागतो. मराठवाड्यात मी ३० वर पण थांबत नाही, मूळ शेतजमीन असली तर १९५४-५५ चं खासरा पत्रक आणि त्याच्या नंतरची पाहणीपत्रकं मागवतो, कारण इनाम का कुळ का स्वतःची, हे तिथंच कळतं. जुनी कागदं उर्दूत किंवा मोडीत निघाली तर वाचणारा माणूस शोधा, अंदाजानं वाचू नका.

सर्चसोबत अजून दोन गोष्टी करून घ्या. विकणाऱ्याचं नाव टाकून ई-कोर्टवर दावे बघा, आणि जिल्ह्यात चालणाऱ्या पेपरात जाहीर नोटीस द्या, ७ किंवा १५ दिवसांत हरकत मागवून. नोटिशीनं विकणारा नाराज होतो, होऊ द्या. माझ्याकडं आलेल्या कित्येक फायलींत खरा वारस हा नोटीस छापून आल्यावरच फोन करतो.

खिदमतमाश, मदतमाश म्हणजे काय? आमच्या ले-आउटचं मूळ तेच निघालंय म्हणे.

निजाम काळात देवळाच्या, मशिदीच्या, दर्ग्याच्या सेवेसाठी जमिनी दिल्या त्या खिदमतमाश, आणि माणसाला उदरनिर्वाहासाठी दिल्या त्या मदतमाश. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यानं इनामं संपली पण बऱ्याच जमिनी वर्ग-२ म्हणून राहिल्या आणि देवस्थानच्या तर देवस्थानच्याच राहिल्या, पुजारी किंवा मुजावर यांच्या नावानं नोंद दिसली तरी ते सांभाळणारे, मालक नाहीत. मदतमाश जमिनींचा नजराणा (वर्ग-१ करून घ्यायला सरकारला भरायची रक्कम) २०२४ ला सरकारनं ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला, त्यामुळं तिथं मार्ग निघतो, पण मार्ग निघतो म्हणजे निघाला असं नाही, नजराणा भरल्याची पावती आणि वर्ग-१ चा आदेश हातात आला पाहिजे. खिदमतमाशच्या प्लॉटवर मी कोणाला हो म्हणत नाही. तसंच वक्फ, म्हणजे मुस्लिम धार्मिक कामासाठी दिलेली जमीन. वक्फ बोर्डाचं मुख्य कार्यालय इथंच पाणचक्कीला आहे, संशय असला तर गट नंबर देऊन तिथं खात्री करून घ्या.

कुळाची जमीन असली तर १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा बघावा लागतो. कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवर कलम ५०-ब चं बंधन असतं, ती परवानगी झालीय का, का तेव्हा नियमानुसार लागत नव्हती, हे वकिलानं रिपोर्टात स्पष्ट लिहिलं पाहिजे.

आणि गायरान. गायरानातला प्लॉट ५०० च्या बॉण्डवर विकत मिळतोय असं कोणी म्हणलं तर तो विकणाऱ्याचा नाहीच, सरकारी आहे, किती का घरं बांधलेली असेनात.

एक-दोन गुंठ्याचा प्लॉट घ्यावा का? रजिस्ट्री होतीय म्हणतात.

तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. २०२३ च्या अधिसूचनेनं प्रमाणभूत क्षेत्र जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे धरलंय, त्याच्या खालचा शेतीचा तुकडा परवानगीशिवाय घेता येत नाही. शेतकरी नसलेल्यानं शेतजमीन घ्यायची पण मनाई आहे. मग काय करतात, दहा अनोळखी लोकांच्या नावानं मिळून एकच खरेदीखत करतात आणि आत चुन्यानं फक्की मारून ज्याचा त्याचा प्लॉट दाखवतात. कागदावर तुमचा प्लॉट नसतोच, दहा जणांच्या सामाईक क्षेत्रातला अविभक्त हिस्सा असतो, त्यावर ना बांधकाम परवाना, ना लोन, आणि एका जणानं हिस्सा विकला की भांडण. तुकडेबंदीचे नियम अलीकडं बरेच बदलायलेत, तेव्हा व्यवहाराच्या दिवशी कोणता नियम चालू आहे ते बघूनच पुढं जा, दोन वर्षांपूर्वी मित्राचं झालं म्हणून आपलं होईल असं नाही.

मंजूर ले-आउटमधला एनए (बिनशेती) प्लॉट घ्यायचा असला तर एनए आदेश, मंजूर नकाशा आणि मोजणी, तिन्हीत तुमचा प्लॉट नंबर आणि क्षेत्र जुळलं पाहिजे. बऱ्याचदा नकाशातली "ओपन स्पेस" म्हणजे बागेची जागाच प्लॉट पाडून विकलेली असती.

गुंठेवारीचं घर घेतलं तर चालेल का?

संभाजीनगरात निम्म्या ओळखीच्या लोकांची घरं गुंठेवारीत आहेत त्यामुळं सरसकट नाही म्हणता येत नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉट नियमित करायची सोय झाली. विकणाऱ्याला एकच विचारायचं, महापालिकेचं नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आहे का. आहे तर पुढं बोला. नाही तर त्याला आधी करून घ्यायला लावा, "तुमच्या नावावर झालं की तुम्हीच करा" हे मान्य करू नका, कारण आरक्षणात किंवा रस्त्यात जागा जात असली तर ते नियमित होतच नाही आणि हे तुम्हाला पैसे गेल्यावर कळतं. डीपीचा (शहराच्या विकास आराखड्याचा) नकाशा आधी बघा.

गावठाणातलं घर असलं तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कराचा उतारा आहे, मालकीचा नाही. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन गावातल्या मिळकत पत्रिका द्यायलेत, तुमच्या गावात झाली असली तर ती मागा.

वडिलोपार्जित घर आहे, भाऊ सही करायलेत पण बहिणींची काय गरज?

गरज आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी पण जन्मानं वारसदार, मुलाइतकीच. सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा केसमध्ये सांगितलं की २००५ ला वडील हयात असायची पण गरज नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी कायदेशीर वाटणी किंवा विक्री होऊन गेली असली तर ती मोडत नाही. त्यामुळं "ताईचं लग्नात सगळं केलंय, ती काही मागत नाही" हे भावानं सांगून चालत नाही, ताईनं स्वतः येऊन खरेदीखतावर संमती देणार म्हणून सही-अंगठा केला पाहिजे किंवा आधी रजिस्टर हक्कसोडपत्र दिलं पाहिजे. मी तर फोन करून त्या ताईशी स्वतः बोलतो, कारण तिच्या घरचे हो म्हणायलेत का तिला खरंच माहितीय हे आवाजातच कळतं.

वारसात अज्ञान लेकरू असलं तर त्याच्या स्वतःच्या हिश्श्यासाठी आईची सही पुरत नाही, कोर्टाची परवानगी लागती. नसली तर ते लेकरू सज्ञान झाल्यावर ३ वर्षांच्या आत व्यवहार रद्द करून मागू शकतं. मुस्लिम कुटुंबात तोंडी हिबा (बक्षीस) दाखवतात, तो कायद्यात चालतो, पण दिला-घेतला आणि ताबा दिला हे सिद्ध व्हावं लागतं, म्हणून सगळ्या वारसांची सही घेतलेली बरी.

मालक पुण्याला असतो, भाचा मुख्त्यारपत्रावर सही करतो म्हणतोय.

मुख्त्यारपत्र रजिस्टर आहे का, त्यात विकायचा अधिकार स्पष्ट लिहिलाय का, मालक जिवंत आहे का (मेला की मुख्त्यारपत्र संपलं), रद्द तर केलेलं नाही, एवढं बघा, आणि मालकाशी व्हिडिओ कॉलवर तरी बोला. आणि खरेदीखत न करता नुसतं मुख्त्यारपत्र आणि ताबा पावती देऊन "झालं तुमचं" म्हणणारे भेटतात, त्यानं मालकी मिळत नाही, २०११ पासून सुप्रीम कोर्टाचा स्पष्ट निकाल आहे.

इसार पावती, साठेखत, खरेदीखत यात फरक काय? नोटरी केली तर पुरते का?

इसार पावती म्हणजे बोली पक्की केली त्याचा कागद, साठेखत म्हणजे पुढं विकीन असा सविस्तर करार, खरेदीखत म्हणजे विकलं. मालकी फक्त रजिस्टर खरेदीखतानं येती. नोटरीनं तुम्ही त्याच्यापुढं सही केली एवढंच सिद्ध होतं.

इसार पावतीत हे पाहिजेच: चतु:सीमा (चारही बाजूंना काय आहे), एकूण किंमत, कोणत्या तारखेला किती देणार, कागदं क्लिअर नसली तर पैसे किती दिवसांत परत, आणि कोण फिरलं तर काय. ताबा दिला असं त्यात लिहू नका, लिहिलं तर खरेदीखताएवढी स्टॅम्प ड्युटी लागू होती. समोरचा फिरला तर ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षांत कोर्टात जाता येतं, पण तुमच्याकडं बाकीचे पैसे तयार होते हे दाखवावं लागतं, म्हणून बँक स्टेटमेंट जपून ठेवा.

थोडे पैसे रोख द्या म्हणायलेत, काय करू?

२० हजार किंवा त्याच्या वर रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. आणि तुमचं नुकसान वेगळंच आहे, व्यवहार फिसकटला तर कोर्टात कागदावरचेच पैसे परत मिळतात, दिलेली रोख कोणी कबूल करत नाही. चेक किंवा आरटीजीएस, आणि त्याचे नंबर खरेदीखतात.

खर्च किती येतो? बायकोच्या नावावर घेतलं तर कमी येतो का?

आपल्याकडच्या महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी साधारण ६ टक्के धरा, ग्रामपंचायतीत कमी. रजिस्ट्रेशन फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. ड्युटी ही रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकाची) किंमत आणि तुमची किंमत यात जी जास्त तिच्यावर लागती. राहतं घर एकट्या महिलेच्या किंवा फक्त महिलांच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे, नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर नाही. किंमत ५० लाख किंवा जास्त असली तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची आहे, विकणाऱ्याची नाही, हे लोकं हमखास विसरतात आणि नोटीस येती. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला जीएसटी ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसला तर १, कंप्लीशन झालेल्या किंवा रिसेलच्या घराला नाही.

बिल्डरकडून फ्लॅट घेताना वेगळं काय बघायचं?

महारेराचा (गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नंबर. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि ८ पेक्षा जास्त फ्लॅट असले की नोंदणी लागतीच. साईटवर प्रोजेक्ट उघडा, वकिलाचा टायटल रिपोर्ट, मंजूर नकाशा, संपायची तारीख, चालू केसेस सगळं तिथं असतं. रजिस्टर करार केल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागताच येत नाहीत, आणि "बुकिंग फॉर्म भरा, अॅग्रीमेंट नंतर करू" म्हणून ३० टक्के घेणारे आहेत. भाव कार्पेटवर (आतल्या वापरायच्या जागेवर) ठरवा, सुपर बिल्टअपवर (जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून) नाही. उघडी पार्किंग बिल्डरला विकता येत नाही. ताबा उशिरा मिळाला तर व्याज किंवा पैसे परत मागता येतात, तक्रार ऑनलाईन होती, फी ५ हजार, सुनावणी व्हिडिओवर असल्यानं परभणी-हिंगोलीहून मुंबईला पळायची गरज राहिली नाही. बांधकामातला मोठा दोष ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत निघाला तर बिल्डरनं फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरायची परवानगी) नसताना चावी घेऊ नका.

सिडकोचं घर घ्यायचंय, काही वेगळं?

हो. सिडकोचं घर बहुतेक ठिकाणी लीजवर दिलेलं असतं, म्हणजे मालक सिडको. ट्रान्सफरची परवानगी आणि फी आधी, मग व्यवहार. मूळ वाटपपत्रापासून आजच्या माणसापर्यंतची ट्रान्सफरची साखळी मधी तुटलेली नसावी, बऱ्याच घरांत दोन-दोन वेळा बॉण्डवर विक्री झालेली असती.

रजिस्ट्रीच्या दिवशी काय होतं?

ड्युटी-फी ऑनलाईन चलनानं भरलेली, डेटा एन्ट्री आधी झालेली. दोन्ही पार्ट्या आणि दोन ओळखदार आधार-पॅन घेऊन हजर, कॅमेऱ्यापुढं फोटो, अंगठा, सही. गर्दीत ढकलाढकली चालू असती तरी शेवटच्या प्रिंटवरचा गट नंबर, क्षेत्र, चतु:सीमा आणि नावाचं स्पेलिंग आपण स्वतः एकदा वाचा, नंतर चूकदुरुस्ती पत्र करायचं म्हणजे विकणाऱ्याला परत बोलवावं लागतं आणि तोपर्यंत तो फोन उचलत नसतो. दस्तावर सही झाल्यापासून ४ महिन्यांत नोंदवायचा असतो.

रजिस्ट्री झाली, आता संपलं ना?

फेरफार राहिला. रजिस्टर दस्ताची माहिती तलाठ्याकडं आपोआप जाती, नोटीस निघून १५ दिवस हरकतीची वाट बघतात, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो. पाठपुरावा केला नाही तर तसाच पडून राहतो आणि जुन्या मालकाच्या नावावरच्या सातबाऱ्यावर तो दुसरं पीककर्ज पण काढू शकतो. मग महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत कराला नाव, महावितरणचं मीटर, नळ, सोसायटी असली तर शेअर सर्टिफिकेट. महापालिका हद्दीत सोसायटीला ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. विकणाऱ्याचं जुनं लोन फेडलं असलं तर बँकेचं नो ड्यूज आणि बोजा कमी केल्याचा फेरफार, दोन्ही घ्या, आणि आधीच्या सगळ्या मालकांची मूळ खरेदीखतं तुमच्याच ताब्यात आली पाहिजेत.